पगार, उसाचे बिल आणि प्लॉटची हौस



या पानावर आम्ही दरवेळी लागणीचे, खोडव्याचे, हुमणीचे लिहितो. या खेपेस विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. पण त्याचा परिणाम बांधाच्या आतच होताना दिसतो, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमच्या शेतकी खात्यात 'प्लॉट' या शब्दाचा अर्थ एकच, उसाचा प्लॉट. अमुक गट नंबर, अमुक जात, लागणीची तारीख, क्षेत्र इतके आर. रजिस्टरला नोंद झाली की तो प्लॉट. चिटबॉयपासून आमच्यापर्यंत सर्वजण हीच भाषा बोलतो. परंतु अलीकडे शिवारात गेलो की सभासदांच्या तोंडचा प्लॉट वेगळाच असतो. तो दोन गुंठ्यांचा असतो, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड असतात आणि डांबरी रस्त्याच्या कडेला त्याचा एक मोठा बोर्ड असतो.

एका गावी आम्ही खोडव्याची पाहणी करीत होतो. पाचट तसेच पडलेले, बुडखे छाटलेले नाहीत, तोडणी होऊन महिना उलटलेला. मालक सत्तरीचे गृहस्थ. त्यांना आपण आबा म्हणू. आम्ही म्हटले, "आबा, खताचा पहिला हप्ता अजून पडला नाही?" आबा शांतपणे म्हणाले, "खताचं मागनं बघू, साहेब. आधी ह्ये सांगा, बायपासला गुंठा घ्यावा का न घ्यावा? पोरगं म्हणतंय, बिल जमा झालंय तवर घिऊन टाकू."

आम्ही तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. कारण या बाबतीत आमचेच हात पोळलेले आहेत. ती हकिगत पुढे येईलच.

घर एक, मिळकती तीन

पूर्वी घरात एकाला नोकरी लागली की पेढे वाटले जात आणि त्या माणसाचा शेतीशी संबंध सुट्टीपुरता उरे. आता तसे नाही. आपल्या कार्यक्षेत्रातील किती तरी घरांत एक मुलगा एमआयडीसीत किंवा शाळेत आहे, तोच पहाटे उसाला पाणीही पाजतो आणि तोच गावाजवळ किंवा तालुक्याला जागा घेण्याच्या खटपटीतही असतो. म्हणजे नोकरी, स्वतःचा धंदा आणि जागेतली गुंतवणूक अशी तीन कामे एकाच माणसाच्या अंगावर आहेत. ऊस हा आपला स्वतःचा धंदाच आहे, हे विसरू नये. भांडवल आपले, जोखीम आपली, देखरेख आपली.

या तिन्हींचे वेळापत्रक निराळे आहे. पगार महिन्याला येतो. उसाचे पैसे सुरू लागणीला वर्षाने आणि आडसालीला सोळा-अठरा महिन्यांनी येतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावयाचे असते आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागू होते. (नियम काय आहे तो आम्ही सांगितला. हंगामात काय होते ते आपण जाणताच.) आणि जागेचे पैसे? त्यांना वेळापत्रकच नाही. गिऱ्हाईक येईल तेव्हा येतील. घर अडचणीत असेल तेव्हा गिऱ्हाईक नेमके येत नाही.

घोटाळा कोठे होतो, तर महिन्याचा हप्ता वर्षाने येणाऱ्या पैशावर काढला जातो आणि वर्षाचे खत महिन्याच्या पगारावर ढकलले जाते. मग दोन्हीकडे ओढाताण.

आमची स्वतःची गोष्ट

कृषी पदविका घेऊन आम्ही कारखान्यात लागलो आणि वडिलार्जित अडीच एकर बागायतही आमच्याकडे आली. नोकरी आणि शेती दोन्ही बरी चालली होती. २०१४ साली उसाचे बिल हाती आले. ते ठिबकला घालावयाचे असे घरात ठरले होते. कोटेशनही आणून ठेवले होते. तेवढ्यात एका ओळखीच्या एजंटाने आम्हाला मोटारसायकलवर बसवून एक रान दाखविले. एक एकराचा गट. त्यात वीस जणांनी दोन-दोन गुंठे घ्यावयाचे. गुंठ्याला ९०,००० रुपये. "साहेब, तीन वर्षांत दुप्पट. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला काय सांगायचं?" शिकलेल्या माणसाला असे म्हटले की तो हमखास गळाला लागतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वडिलांना रान दाखवावयास नेले. अण्णांनी एकच विचारले, "हद्द कुठली?" आम्ही दगड दाखविले. अण्णा म्हणाले, "दगड कोन बी रोवतंय. सातबाऱ्यावर हद्द दावा." आम्हाला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले. १,८०,००० रुपये देऊन मोकळे झालो.

खरेदीखत झाले, नाही असे नाही. पण ते वीस जणांचे मिळून एकच. रजिस्ट्री कचेरीत आम्ही वीसजण फोटोसाठी असे दाटीने उभे होतो की जणू कोणाच्या लग्नाची पंगतच. सातबाऱ्यावर वीसही नावे सामाईक लागली. आमचे दोन गुंठे म्हणजे पूर्वेचे, पश्चिमेचे की मधले, हे सांगणारा सरकारी कागद एकही नव्हता. होता तो एजंटाने हाताने काढलेला नकाशा आणि शंभराच्या स्टँपवर केलेले आपसातले संमतीपत्र.

२०१८ साली अण्णांचे ऑपरेशन निघाले. प्लॉट विकावा म्हणून गेलो. भाव खरोखरच वाढला होता, पण गिऱ्हाईक विचारी की बाकीचे एकोणीस सह्या करतील का? त्यातले एकजण वारले होते, त्यांची वारसनोंद झालेली नव्हती. दुसरे मुंबईस होते. तिसऱ्याच्या नावावरचा सोसायटीचा बोजा त्याच सातबाऱ्यावर इतर हक्कात दिसत होता. तीन गिऱ्हाइके आली, सातबारा वाचून परत गेली. शेवटी कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज काढून दवाखान्याचे बिल भरले. प्लॉट होता, वाढलेला भावही होता, फक्त पैसे नव्हते.

आता इकडे रानात काय झाले तेही सांगतो, कारण ते अधिक लागले. ठिबक चार वर्षे लांबले. पाट-पाण्यावर उसाचे ताण पडत गेले. पहिल्या वर्षी तर हातात पैसाच नसल्यामुळे खोडव्याला खताचा दुसरा हप्ता दिलाच नाही. सरासरी धरली तर चार वर्षे एकरी १२ टनांनी उतारा कमी पडला. अडीच एकरांचे ते वर्षाला ३० टन, चार वर्षांचे १२० टन. त्या वेळच्या भावाने तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,००० रुपये हाती धरले, तरी २,४०,००० रुपये झाले. म्हणजे १,८०,००० चा प्लॉट घेताना आम्ही २,४०,००० चा ऊस घालविला. ऊस विकास अधिकाऱ्याच्या स्वतःच्या रानातला हा हिशेब. सभासदांना खताचे डोस सांगताना त्या काळी आमची मान खाली जाई.

रविवारचा ऊस

पैशाची सरमिसळ हा एक भाग झाला. वेळेची दुसरी. नोकरी करून शेती करणाऱ्या सभासदांच्या उसाला आमचे शेतकी मदतनीस गमतीने 'रविवारचा ऊस' म्हणतात. लांबून पाहिला तरी ओळखू येतो. बांधणी उशिरा झालेली, सरीत गवत, मधूनमधून नांग्या पडलेल्या.

यात त्या माणसाचा दोष आम्ही मानीत नाही. उसाची कामे रविवार बघून येत नाहीत. खोडव्याचे पाहा. पाचट न जाळता सरीत दाबून, बुडखे जमिनीलगत छाटून, तोडणीपासून १५ दिवसांच्या आत पहारीने पहिला हप्ता आणि १३५ दिवसांनी दुसरा. आडसालीला नत्र चार वेळा विभागून, म्हणजे लागणीला, सहा ते आठ आठवड्यांनी, बारा ते सोळा आठवड्यांनी आणि मोठ्या बांधणीला. यातला बांधणीचा हप्ता हुकला तर मागून ते खत देण्यास वाटही राहत नाही. त्यात शेतीपंपाची लाइट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. कंपनीची पाळी निराळी फिरते. दोन्ही पाळ्या एकदा रात्रीच्या आल्या की पाणी कोणी पाजावयाचे?

पाजते घरातली बाई. किंवा सत्तरीचे आबा. नोकरी आणि शेती दोन्ही सांभाळली असे कौतुक मुलाचे होते, आणि बॅटरी घेऊन रात्री दारं मोडणाऱ्या माउलीचा रोज कोणाच्या हिशेबात धरला जात नाही. आम्ही आता पाहणीला गेलो की मुद्दाम विचारतो, पाणी कोण पाजतं? उत्तरावरून उसाचा अंदाज येतो.

यावर आमचे मत स्पष्ट आहे. कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. नोकरी वीस मैलांवर असेल तर पाच एकर उसाचा हट्ट नको. दोन एकर ऊस निगुतीने करावा आणि उरलेल्या रानात सोयाबीन, हरभरा यांसारखे कमी पाण्याचे, कमी दिवसांचे पीक घ्यावे. दोन एकरांत एकरी ६० टन आणि पाच एकरांत एकरी २८ टन, यात टन थोडे कमी-जास्त होतील, पण खत, पाणी आणि माणसाचे हाल पाहता पहिले परवडते. कारखान्याला ऊस हवा असताना कारखान्याचाच अधिकारी क्षेत्र कमी करा म्हणतो, याचे नवल वाटेल. पण आम्हाला खात्रीचा ऊस हवा, नुसती नोंद नको.

ठिबकाचे पुन्हा एकदा सांगतो. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे आणि राज्याचे पूरक अनुदान धरून ते ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. अनुदान खात्यावर येण्यास वेळ लागतो हे खरे, परंतु मोबाईलवर चालू-बंद होणारा स्टार्टर आणि ठिबक या दोन वस्तूंनी पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या जितक्या रात्री वाचविल्या तितक्या दुसऱ्या कशाने वाचविल्या नसतील. गुंतवणूक म्हणतात ती हीच. तिला बोर्ड नसतो एवढेच.

मधी बांध घातलाय

आता ज्यांना जमले त्यांचेही सांगितले पाहिजे, नाही तर आम्ही प्लॉटच्याच विरुद्ध आहोत असा समज व्हावयाचा. तसे मुळीच नाही. मुलांच्या शिक्षणाला, म्हातारपणाला, तालुक्याच्या गावी हक्काची जागा असावी ही इच्छा रास्तच आहे.

आमच्या शेजारच्या गटात एक सभासद आहेत, तात्या म्हणू. मुलगा कंपनीत कायम झाला, पण तात्यांनी दोन वर्षे जागा घेतली नाही. नुसती बघत फिरले. शेवटी तालुक्याला मंजूर लेआऊटमधला एक लहान प्लॉट घेतला तो बँकेचे कर्ज काढून. मुलाच्या पगारातून हप्ता जातो. ५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी १० वर्षांस घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,३३४ रुपये येतो, आणि एकूण ७ लाख ६० हजार फेडावे लागतात. कायम पगाराला ६,३३४ झेपतात. उसाच्या बिलाला दरमहा झेपत नाहीत, कारण बिल दरमहा येतच नाही.

सूनबाईंनी घरामागे शेडनेट उभे करून एक डोळा पद्धतीची ऊस रोपवाटिका सुरू केली. पाच फूट सरी आणि दीड फुटावर रोप धरले तर एकरी ५,८०८ रोपे लागतात, त्यामुळे गावातल्या गावात मागणी असते. महिनाभरात रोप तयार होते. तो पैसा त्या धंद्यातच फिरतो. त्यातूनच पुढचे ट्रे, पुढचे कोकोपीट, आणि थोडी शिल्लक. उसाचे बिल आले की सोसायटीची कपात जाऊन जे उरते त्यातून पुढच्या पिकाचे खत, बियाणे आणि बांधणी बाजूला काढल्याशिवाय कोणी त्या पैशाला हात लावीत नाही. आम्ही विचारले, हे सगळे जमविले कसे? तात्या म्हणाले, "पगार जागंकडं, बिल रानाकडं. मधी बांध घातलाय. बांध कुणी कोरायचा न्हाय."

चार वर्षांनी त्या प्लॉटवर दोन खोल्या झाल्या. कंपनीतलीच दोन मुले भाड्याने राहतात. भाडे फार नाही, पण हप्त्याला हात लागतो.

यात एक सावधगिरी. तात्यांच्या मुलाची नोकरी कायम आहे. हल्ली बऱ्याच मुलांच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, अकरा महिन्यांनी ब्रेक मिळतो. अशा पगारावर दहा वर्षांचा हप्ता काढावयाचा तर आधी निदान सहा हप्त्यांची रक्कम बँकेत बाजूला हवी. आणि प्लॉटचा भाव वाढला म्हणून नोकरी सोडणारे एक-दोन तरुणही आम्ही पाहिले. वाढलेला भाव ही मिळकत नव्हे. विकून पैसे हातात येईपर्यंत त्यावर चूल पेटत नाही.

पीककर्जाचे पैसे तर प्लॉटला कधीच घालू नयेत. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच शून्य टक्क्याचा लाभ मिळतो. थकले की व्याज चालू, आणि पुढच्या वर्षी सोसायटी हात आखडता घेते. कर्ज रानाच्या नावाने आणि पैसा बायपासला, यात रान उपाशी राहते.

कागदाचे थोडे

आम्ही वकील नव्हे. तरीपण ठेच खाल्लेली असल्याने चार गोष्टी ठाम सांगू शकतो.

सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून स्वतः वाचावेत. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो. लाखाचा व्यवहार करणारा माणूस १५ रुपयांसाठी एजंटाच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवतो, हे पाहून हसावे की रडावे समजत नाही. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल तर परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही. इतर हक्काचा रकाना सर्वांत आधी वाचावा. एजंट तो सर्वांत शेवटी दाखवितो.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ साली राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीस १० गुंठे आणि जिरायतीस २० गुंठे असे ठरविण्यात आले. त्याखालचा शेतजमिनीचा तुकडा नेहमीच्या रीतीने खरेदी होत नाही. म्हणूनच आमच्यासारखी वीस जणांची सामाईक खरेदी किंवा नोटरीचा कागद अशा आडवाटा निघाल्या. नोटरीच्या किंवा मुखत्यारपत्राच्या कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. २०२५ साली राज्य सरकारने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट काढली, परंतु ती मुख्यत्वे शहरी व नियोजनाखालील क्षेत्रांसाठी आहे. "आता सगळं कायदेशीर झालंय" असे सांगून एजंट त्याच जोरावर नवे तुकडे विकीत असतील तर त्यांचे ऐकू नये. आपला गट त्यात बसतो का, ते तहसील कचेरीत विचारावे.

मंजूर लेआऊट आणि बिगरशेतीचा कागद पाहावा. एकरभर रानात वीस प्लॉट पाडून जाहिरात करून विकणाऱ्यास २०१६ च्या कायद्याप्रमाणे महारेराकडे नोंदणी करावी लागते. बोर्डावर नंबर असेल तर तो तपासता येतो. नसेल तर का नाही, हे विचारावे. बयाण्याची रोख रक्कम २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत. म्हणजे पुढे भांडणात पुरावाही राहतो.

आणि सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे त्या प्लॉटवर राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँक कर्ज देते का, हे आधी विचारावे. कर्ज काढावयाचे नसले तरी विचारावे. बँक तीस वर्षांचा शोध घेते, वकिलाचे मत घेते. तिने नाही म्हटले तर तिचे उपकार मानून परत यावे. आम्ही २०१४ साली रोखीने घेतले, कारण एजंट म्हणाला, "बँकेच्या भानगडीत कशाला पडता?" भानगड कोठे होती ते आता कळते.

सरकारी किंवा शाळेच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. त्याप्रमाणे परवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही आणि स्थावर मिळकत घेतल्याचे वरिष्ठांना कळवावे लागते. घरची शेती करणे निराळे आणि साहेबाच्या नावावर प्लॉटिंगचा धंदा निराळा. उसाचे उत्पन्न करमुक्त असले तरी पगारावरचा कराचा दर काढताना ते हिशेबात धरतात. ते विवरणपत्रात लपवू नये.

उलटा व्यवहार

काही सभासदांची राने गावाला लागून आहेत. त्यांच्याकडे विकत घेणारेच येतात. एकराचा आकडा ऐकून डोळे फिरतात, आणि फिरणारच. टनाला ३,००० रुपये हाती धरले तर एकरी ५० टनांचे दीड लाख, खर्च निराळा. त्या मानाने प्लॉटवाला जो आकडा सांगतो तो उसाने जन्मात होणार नाही. त्यांना विकू नका असे आम्ही म्हणणार नाही. तो हक्क ज्याचा त्याचा. फक्त दोन गोष्टी.

बहिणींना विचारल्याशिवाय बयाणा घेऊ नये. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि कोर्टात जाण्यापेक्षा माहेरच्या ओसरीवर बसून हा विषय मिटविणे बरे. दुसरे, खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण नगरपालिकेच्या हद्दीतली किंवा गावच्या लोकसंख्येप्रमाणे हद्दीपासून २, ६ वा ८ किलोमीटरच्या आतली जमीन असेल तर लागतो. विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींप्रमाणे सवलत आहे. आमच्या पाहण्यात ज्यांनी अर्धे विकून लांब का होईना पाण्याखालचे दुसरे रान घेतले, त्यांचा ऊस अजून कारखान्याला येतो. ज्यांनी गाडी घेतली, बंगला बांधला, त्यांतले काहीजण त्याच गाडीतून गटाच्या कचेरीत येतात आणि चिटबॉयची जागा आहे का म्हणून मुलासाठी विचारतात. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही.

आबांचे काय झाले, हे विचाराल. आम्ही दुसऱ्या दिवशी मुलाला सातबारा घेऊन गटाच्या कचेरीत बोलाविले. इतर हक्कात बोजा होता आणि सामाईक नावे सात होती. मुलगा हुशार, लगेच समजला. आधी खताची पोती रानात गेली. प्लॉटचे अजून बघणे चालू आहे, आणि ते चालू असावे असेच आम्हाला वाटते.

जागा घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी बाजाराच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत गटाच्या कचेरीत सातबारा घेऊन यावे. आमच्याने जेवढे वाचून सांगता येईल तेवढे सांगू, पुढचे वकिलाकडून करून घ्यावे. खोडव्याच्या खताची चिठ्ठीही त्याच वेळी मिळेल.

आमच्या त्या दोन गुंठ्यांचे म्हणाल तर वीसही जणांनी मिळून रीतसर लेआऊट मंजूर करून घ्यावयाचे आता ठरले आहे. चौदा सह्या झाल्या. वारलेल्या गृहस्थांच्या वारसांत दोन लेकी आहेत, एक कराडला आणि एक पंढरपूरला दिलेली. येत्या रविवारी पंढरपूरची सही घ्यावयास जाणार आहोत. त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी आहे, पण आता ठिबक आहे. कॉक फिरवावयाचे काम धाकट्याला सांगितले आहे.